सुभानपुऱ्याची भूमी आणि धातुशोधकाची कंपने

बडोद्याच्या पश्चिम भागात, सुभानपुऱ्यापासून फार दूर नसलेल्या अकोटा येथे १९५१ साली ६८ जैन कांस्यमूर्ती सापडल्या आणि डॉ. उमाकांत शाह यांच्या व्यासंगामुळे त्यांना भारतीय शिल्पाच्या इतिहासात मानाचे स्थान प्राप्त झाले. अशा मुलखात धातुशोधक यंत्राविषयी कुतूहल उत्पन्न व्हावे, हे स्वाभाविकच होय. परंतु ते यंत्र एका कंपनसंख्येवर चालवावे की अनेक, हा जो प्रश्न नवशिक्याला पडतो, त्याचे उत्तर बहुतांशी पायाखालची मातीच देते.

यंत्राच्या चकतीतील तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट विद्युत्प्रवाह वाहू लागला, की भूमीत चुंबकीय क्षेत्र पसरते. त्यायोगे पुरलेल्या धातूत क्षीण प्रवाह भोवऱ्याप्रमाणे फिरू लागतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसरे वेटोळे टिपते. हा प्रतिसाद किती विलंबाने येतो, त्यावरून धातूच्या जातीचे अनुमान करता येते. प्रवाह सेकंदाला सुमारे ५ हजार वेळा आंदोलित केला, तर तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या काळातील, घोड्याचा खूर व तलवार मिरविणारा तांब्याचा जाड पैसा अथवा चांदीचा रुपया स्पष्ट साद देतो. पण नथीतील सोन्याची बारीक तार त्या मंद कंपनांना जवळजवळ दादच देत नाही, आणि तिच्यासाठी ती संख्या ४० हजारांच्या आसपास न्यावी लागते.

बहुकंपन पद्धतीत यंत्र निरनिराळी कंपने एकाच वेळी भूमीत सोडते व त्यांच्या प्रतिसादांची परस्परांशी तुलना करते. लोहयुक्त माती, खारा ओलावा आणि धातू यांची उत्तरे कंपनसंख्येगणिक वेगवेगळ्या रीतीने बदलत असल्यामुळे मातीचा अंश वजा करून धातूचा तेवढा शिल्लक ठेवता येतो. ओल्या समुद्रकिनाऱ्यावर मीठ व लोहकण या दोहोंचा उपद्रव एकदमच होतो, आणि एकच कंपन त्यांपैकी एकालाच नीट आवरू शकते. म्हणून तेथे बहुकंपनाचीच निवड करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुभानपुऱ्यात मात्र खरी हरकत विजेची. तारा, रोहित्रे आणि घरोघरची उपकरणे यांच्या लहरी चकतीत शिरतात. अनेक कंपने ऐकणारे यंत्र अशा वेळी पुष्कळदा अकारण बडबडू लागते. ते एखाद्या शांत कंपनावर स्थिर केले, तर धातूची पारख तितकी काटेकोर राहत नाही खरी, पण सारी शक्ती तेथेच एकवटून कामापुरते ऐकू येते.

स्वतःच्या अंगणात हरवलेली अंगठी शोधणे निर्वेध आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवान्यावाचून खोदकाम करणे मात्र अपराध होय, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले द्रव्य सापडल्यास कलेक्टरास लेखी वर्दी देणे बंधनकारक आहे. त्या वर्दीत द्रव्याचे स्वरूप, अंदाजी किंमत, तारीख आणि, अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, सापडल्याची जागा नमूद करावी लागते. नंतर ते द्रव्य सरकारी खजिन्यात जमा करावे अथवा मागणी होताच हजर करण्याचा जामीन द्यावा, अशी तरतूद आहे.