बॅग कुणाची? एनडीपीएस कायद्यातला ताबा आणि हेतू

आज भिलाईहून तुमच्याशी बोलतोय.

इथली कितीतरी मराठी मुलं दुर्ग स्टेशनवरून नागपूरची गाडी पकडतात. समजा, डब्यात शेजारचा माणूस म्हणाला, "भैया, ज़रा बैग देखना, अभी आया." तो गेला तो गेलाच. पुढच्या स्टेशनवर पोलीस चढले आणि बॅगेत गांजा निघाला. ओडिशाकडून येणारी ही लाईन, तपासणी होतच असते. आता गुन्हेगार कोण?

पहिला प्रश्न झडतीचा. इंग्रजी मालिकांत आपण 'प्रॉबेबल कॉज' ऐकतो. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात त्याच्या जवळचे शब्द आहेत 'विश्वास ठेवण्यास कारण'. घर, बंदिस्त जागा किंवा खासगी गाडी असेल तर कलम ४२ लागतं. मिळालेली खबर लिहून घ्यायची आणि ७२ तासांत वरिष्ठाकडे पाठवायची. रेल्वेचा डबा मात्र सार्वजनिक जागा. तिथे कलम ४३ लागतं. खबर लिहिण्याची ती अट नाही, पण विश्वास ठेवण्यास कारण तिथेही हवंच.

अंगझडती घ्यायची असेल तर कलम ५० प्रमाणे पोलिसांनी सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. हा हक्क सांगितलाच नाही, तर केवळ त्या जप्तीवर शिक्षा टिकत नाही, असं १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटलं. पण लक्षात ठेवा, हे अंगावरच्या झडतीपुरतं आहे. हातातली बॅग म्हणजे अंग नव्हे.

दुसरा प्रश्न हेतूचा, आणि इथे हा कायदा कडक आहे. एरवी हेतू सरकार पक्षाने सिद्ध करायचा असतो. इथे कलम ३५ आणि ५४ प्रमाणे माल ताब्यात सापडला की तुम्हाला ठाऊक होतं असं न्यायालय गृहीत धरतं. नव्हतं ठाऊक, हे तुम्ही दाखवायचं.

मग आपला मुलगा संपलाच का? नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आधी सरकार पक्षाने ताबा निःसंशय सिद्ध करायचा, गृहीतक त्यानंतर. आणि ताबा म्हणजे नुसती जवळीक नाही. वस्तूवर नियंत्रण हवं आणि तिची जाणीवही हवी. कुलपाची किल्ली कुणाकडे होती? बॅगेत कुणाचे कपडे, कुणाची कागदपत्रं होती? उत्तर अशा तपशिलांत असतं.

मुंबईचं क्रूझ प्रकरण आठवा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आर्यन खानकडे काहीच सापडलं नव्हतं. मित्राकडे सहा ग्रॅम चरस मिळाल्याचं सांगितलं गेलं आणि ते आर्यनला ठाऊक होतं, असा एनसीबीचा युक्तिवाद होता. २८ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. एकाच जहाजावर होते म्हणून कट सिद्ध होत नाही, असं सविस्तर आदेशात म्हटलं. मे २०२२ मध्ये एनसीबीने पुराव्याअभावी त्याच्यावर आरोपपत्रच ठेवलं नाही. पण तोवर तो जवळपास चार आठवडे कोठडीत राहिला होता.

आपल्या मुलाचं संकट याहून मोठं असू शकतं. गांजा एक किलोपर्यंत 'अल्प', वीस किलोच्या वर 'व्यापारी' प्रमाण. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षं शिक्षा आणि जामीन फार अवघड. खटल्यात सुटेपर्यंत तारुण्याची वर्षं तुरुंगात जातात.

म्हणून मुलांना सांगा: अनोळखी माणसाची बॅग सांभाळू नका. प्रसंग आलाच तर पळू नका. बॅग कुणाची, तो कुठे बसला होता, हे लगेच सांगा आणि पंचनाम्यात लिहायला सांगा. कोऱ्या कागदावर सही करू नका. वकील मागा. तपास अधिकाऱ्यासमोर कलम ६७ खाली दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं आहे. त्यामुळे कुणी दबाव आणला तरी खोटं कबूल करू नका.

पुढच्या भागात जामिनाचं कलम ३७ पाहू.