वर्षाचा हिशेब मंडळीपुढे

३१ डिसेंबरच्या रात्री दहा-अकराच्या सुमारास मराठी ख्रिस्ती मंडळ्या चर्चमध्ये जमू लागतात. या उपासनेला लहानथोर सगळे ‘वॉच नाइट’च म्हणतात. मूळ प्रथा मोरेव्हियन पंथाची. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने ती मेथडिस्टांमध्ये रुजवली आणि मिशनऱ्यांबरोबर ती आपल्याकडे आली. ‘उपासना संगीता’तली गीतं होतात, शास्त्रपाठ होतो आणि मग पाळकसाहेब सरत्या वर्षाकडे वळतात. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाचं लग्न लागलं, कोण प्रभूमध्ये निजलं. बाराची घंटा झाली की हस्तांदोलन आणि ‘हॅपी न्यू इयर’. पुष्कळ ठिकाणी घरटी एक वचनाची चिठ्ठी उचलायची पद्धत आहे. ती वर्षभर देव्हाऱ्यासारख्या मानाच्या जागी, भिंतीवर किंवा बायबलात, जपली जाते.

हा झाला भक्तीचा भाग. खरा ताळेबंद पुढच्या काही आठवड्यांत, वार्षिक सभेत मांडला जातो. पंचकमिटी पुढच्या बाकावर, खजिनदाराच्या मांडीवर वही, सेक्रेटरीच्या हातात मागच्या सभेचं इतिवृत्त आणि पाळकांच्या हातात वर्षाचा अहवाल. मराठी मंडळीत पाळक उपदेश करतो, तसाच उत्तरही देतो, आणि हे उत्तर देण्याची ठरलेली जागा म्हणजे ही सभा. वरून कंटाळवाणी वाटणारी ही रीत मराठी चर्चला फुकट मिळालेली नाही. तिच्यामागे पावणेदोनशे वर्षांची ओढाताण आहे.

अहवाल कोणासाठी?

अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ साली मुंबईत सुरू झालं आणि १८३१ मध्ये अहमदनगरला पोचलं. मिशनरी दरवर्षी अहवाल लिहीत, पण तो इंग्रजीत आणि बोस्टनच्या बोर्डासाठी. स्कॉटिश मिशनरी लिहीत ते एडिंबरोसाठी. यात गैर काहीच नव्हतं. पैसा तिथून येत होता, तेव्हा हिशेबही तिकडेच जाणार. मात्र ज्यांच्याविषयी तो अहवाल असे, ती नगरच्या खेड्यापाड्यांतली माणसं त्याची वाचक कधीच नव्हती.

बोस्टनच्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांना यातली अडचण दिसत होती. १८५४-५५ मध्ये ते स्वतः हिंदुस्थानात आले. इथल्या मंडळ्यांना इथलेच पाळक हवेत, त्यांचा खर्च मंडळ्यांनी उचलावा आणि कारभारही त्यांनीच करावा, असा त्यांचा आग्रह होता. स्वशासन, स्वावलंबन आणि स्वप्रसार ही त्रिसूत्री त्यांच्या आणि इंग्लंडच्या हेन्री व्हेन यांच्या नावाने ओळखली जाते. त्याच सुमारास अहमदनगरात हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

सूत्र कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात मंडळीतले बहुतेक लोक महार-मांग वस्त्यांतले, हातावर पोट असलेले. त्यांनी पाळकाचा पगार कुठून द्यायचा? मिशनने एकदम हात काढला तर पाळक उपाशी राहणार, आणि मिशनच देत राहिलं तर पाळक साहेबाचा नोकर होणार. या पेचातून मुठीच्या धान्याची, हंगामाच्या अर्पणाची आणि दशांशाची शिकवण पुढे आली. आज वार्षिक सभेत एखादी म्हातारी उठून ‘पंख्याला एवढे पैसे कसे लागले?’ असं विचारते, तेव्हा तिच्या प्रश्नाला वजन असतं, कारण त्या पंख्यात तिचेही पैसे असतात.

पाळक नावाची माणसं

पाळकाचा व्याप उपासनेपुरता कधीच नव्हता. मराठी चर्चच्या पहिल्या पिढीने ते दाखवून दिलं. नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ चा आणि दीक्षा १८५४ ची. त्यांनी जालन्याजवळ निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल नावाचं गाव वसवलं. १८७३ साली न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले ते याच कामाच्या बळावर. गाव वसवणाऱ्या पाळकाच्या हिशेबात विहीर, घरं, शाळा आणि शेतसारा हे सगळंच आलं.

‘यमुना पर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी हेही पुण्यात काही वर्षं पाळक होते. पुढे ते पद सोडून त्यांनी लेखणी धरली. ‘अरुणोदय’ हे त्यांचं आत्मचरित्र १८८८ साली प्रसिद्ध झालं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हा पैशांचा प्रश्न फार सलला. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९०४ मध्ये दीक्षा मिळाली. कविता, कीर्तन आणि भजन चर्चमध्ये आणणारा हा माणूस मिशनच्या पगारावर होता आणि त्या पगाराने आपल्या देशबांधवांच्या नजरेत ख्रिस्त परका ठरतो, हे त्यांना जाणवत होतं. १९१७ मध्ये पगारावर पाणी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला: मिशनच्या चौकटीबाहेरचा, बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबार मागे पडला. पण त्यांनी उभा केलेला प्रश्न मराठी चर्चमधून गेला नाही. घरातल्या बाईला नवऱ्याच्या या सगळ्या उलाढाली कशा दिसल्या, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहेच.

दोन शहरांच्या मधला पट्टा

मराठी मंडळ्या आजच्या महाराष्ट्राच्या सीमेपलीकडेही आहेत. नागपूरहून उत्तरेला निघालं की कपाशी आणि संत्र्यांच्या बागांमधून सौसर, मोहगाव, पांढुर्णा हा मुलूख लागतो. मोहगाव हवेलीची ओळख अर्धनारीश्वराचं मंदिर, जवळच्या जामसावळीची ओळख हनुमान, आणि पांढुर्ण्याची जाम नदीकाठची गोटमार. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली, तेव्हा विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातला हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली सौसर आणि पांढुर्णा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, हा इथला रोजचा रिवाज.

ख्रिस्ती मंडळ्यांच्या दृष्टीने हा पट्टा दोन परंपरांच्या मध्ये येतो. उत्तरेला छिंदवाडा म्हणजे मध्य प्रदेशातल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्चचं मुख्य ठाणं. ते स्वीडिश मिशनच्या कामातून उभं राहिलं आणि त्याची भाषा हिंदी. दक्षिणेला नागपूर. तिथे १८४५ मध्ये स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप आले, मराठी शिकले, पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली. गोंडांच्या भाषा-गीतांची टिपणं आणि जीवाश्मांचा संग्रह करणारा हा मिशनरी ४ सप्टेंबर १८६३ ला नदीच्या पुरात वाहून गेला. त्यांचं नाव नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात टिकून आहे. नागपूरच्याच ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि युनायटेड चर्च यांची घराणी त्या दिवशी एका छपराखाली आली.

या विलीनीकरणाचा वार्षिक सभेवरही परिणाम झाला. जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत पाळकाला मंडळी बोलावत असे. बिशप असलेल्या रचनेत पाळकाची बदली होते. त्यामुळे अहवालाला आणखी एक काम आलं: जाणाऱ्या पाळकाने येणाऱ्याला दिलेला चार्ज. कोणाकडे घरभेटीला जायचं राहिलं, कुठल्या दोन घरांत बोलाचाली बंद आहे, कुठल्या विधवेची पेन्शन अडली आहे, या गोष्टी मात्र लेखी अहवालात येत नाहीत. त्या चहाच्या कपाबरोबर सांगितल्या जातात.

सरकारनेही मागितला हिशेब

हिशेबाचा प्रश्न चर्चच्या भिंतींबाहेरूनही आला. नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी असताना, १९५४ मध्ये, राज्य सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कामाची चौकशी करणारी समिती नेमली. १९५६ चा तिचा अहवाल आजही दोन्ही बाजूंनी हिरिरीने उद्धृत होतो. परदेशी मदत सरकारमार्फतच यावी, ही तिच्या शिफारशींपैकी एक. पुढे १९६८ मध्ये राज्यात धर्मस्वातंत्र्य कायदा झाला, २०२१ मध्ये त्याची जागा अधिक कडक कायद्याने घेतली. परदेशी देणग्यांवर देशपातळीवरचा कायदा १९७६ पासून आहे आणि २०१० मध्ये तो नव्याने झाला.

नियोगी समितीच्या भाषेबद्दल आणि निष्कर्षांबद्दल चर्चची तक्रार आजही कायम आहे, आणि ती निराधार नाही. गावच्या पोरांना शिकवणाऱ्या आणि दवाखाना चालवणाऱ्यांकडे संशयाने पाहिलं गेलं, ही सल खरी आहे. पण मंडळीच्या पैशाने चालणाऱ्या मंडळीला या सगळ्यात भिण्यासारखं कमी आहे, हेही तितकंच खरं. रविवारची थैली उपासनेनंतर दोन पंचांनी मिळून मोजायची, आकडा वहीत मांडायचा, खाली दोघांच्या सह्या घ्यायच्या: ही शिस्त कुठल्याही कायद्याआधीची आहे.

तिचं सर्वांत देखणं रूप हंगामाच्या सणाला दिसतं. ज्वारीची कणसं, कपाशीची बोंडं, भोपळे, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी, घरून करून आणलेला केक असं सगळं वेदीपुढे मांडलं जातं. उपासना संपली की मंडपात लिलाव पुकारला जातो. बाजारात वीस रुपयांना मिळणारा भोपळा दोनशेवर जातो, घेणारा तो परत अर्पण करतो आणि तोच भोपळा पुन्हा बोलीवर चढतो. पुकारणारा तरुण संघाचा पोरगा, लिहून घेणारे खजिनदार. ज्याने भोपळा पिकवला त्याचं नाव मात्र प्रत्येक बोलीला घेतलं जातं. त्या दिवशीचा जमाखर्च सभेत वाचताना कोणाला झोप येत नाही.

पुढच्या वर्षाचं पान

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी. मध्य प्रदेशात सुमारे २.१ लाख, म्हणजे ०.३ टक्केही नाहीत. महाराष्ट्राच्या आकड्यात वसई आणि मुंबईचे कॅथलिकही आले. मराठीत उपासना करणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या त्यामानाने लहान, आणि सीमेपलीकडच्या तर मोजक्या घरांच्या. अशा मंडळीत दोन कुटुंबं पुण्याला गेली की गायनाचा आवाज उतरतो.

म्हणून पाळकाच्या अहवालातला ‘पुढील वर्षाची योजना’ हा भाग आता अवघड झाला आहे. मुलं इंग्रजी शाळांत शिकतात, मोठी झाली की नागपूर, पुणे, बंगळूर गाठतात आणि तिथे इंग्रजी उपासनेला जातात. सीमेवर शाळेची भाषा हिंदी. शब्बाथशाळेत मराठी बायबल वाचायला दिलं तर अडखळतात, आजीने शिकवलेलं गीत मात्र तोंडपाठ म्हणतात. २०२० मध्ये १२ एप्रिलला पुनरुत्थानाचा सण कुलूपबंद चर्चसमोर गेला आणि पाळकांना मोबाइलपुढे उभं राहून उपदेश करावा लागला. त्यातून दूर गेलेली माणसं व्हॉट्सॲपवर परत भेटली, हेही तेव्हाचंच. पण मोबाइलवर पाहणारा वार्षिक सभेला येत नाही, प्रश्न विचारत नाही आणि पंचकमिटीला उभा राहत नाही. पाळकांपुढची खरी चिंता ही आहे. हजेरी कमी झाली तरी मंडळी टिकते. हिशेब मागणारे संपले तर तिची नुसती वास्तू उरते.

तेव्हा उपाय साधेच आहेत. अहवाल लोकांना समजेल त्या भाषेत वाचावा. सीमेवर मराठीबरोबर हिंदीतही वाचला तर काही बिघडत नाही. शहरात गेलेल्यांना त्याची प्रत पाठवावी. पंचकमिटीत पंचविशीतल्या मुलामुलींना घ्यावं आणि वही त्यांच्या हाती द्यावी.

आणि एक विनंती, ख्रिस्ती वाचकांना आणि स्थानिक इतिहासात रस असणाऱ्या सगळ्यांनाच. चर्चच्या लाकडी कपाटात बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या नोंदवह्या आणि जुने वार्षिक अहवाल पडून असतात. पटकी, प्लेग, १८९९-१९०० चा दुष्काळ, कोणत्या साली कोण कुठून आलं आणि कशाने गेलं, हे सामान्य माणसांच्या नावानिशी सांगणारे असे कागद मराठीत फार थोडे आहेत. वाळवीच्या आधी त्यांच्यापर्यंत पोचा. परवानगी घेऊन त्यांचे नीट फोटो काढा, एक प्रत धर्मप्रांताच्या कचेरीत द्या आणि एक मंडळीकडेच ठेवा. ज्या घरांची नावं त्यांत आहेत, त्यांचा त्यांवर पहिला हक्क आहे.