डाळिंबाचा पाक आणि पेल्यातला तोल

मद्य, साखर, पाणी आणि वनस्पतींचा कडवट अर्क यांच्या मिश्रणाला कॉकटेल म्हणतात, असा खुलासा अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावी निघणाऱ्या एका वृत्तपत्राने १३ मे १८०६ च्या अंकात वाचकाच्या शंकेला उत्तर देताना केला होता, आणि या पेयप्रकाराची छापील स्वरूपातील पहिली व्याख्या म्हणून आजही त्याच उत्तराचा हवाला दिला जातो. पुढे १८६२ मध्ये जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरने मिश्र पेयांच्या कृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांत ज्या कृती काळाच्या चाळणीतून टिकून राहिल्या, त्यांना ‘क्लासिक’ हे विशेषण लागले. त्या टिकल्या त्या महागड्या बाटल्यांच्या जोरावर टिकल्या नाहीत. मद्याची तीव्रता, साखरेचा गोडवा, लिंबाचा आंबटपणा आणि बर्फाचा थंडावा यांचा त्यांनी साधलेला तोल पिढ्यान्‌पिढ्या पटत राहिला, हे त्याचे कारण होय. आमटीत चिंच पडली की मागोमाग गुळाचा खडा टाकणाऱ्या मराठी स्वयंपाकघराला हा तोल अपरिचित नाही, आणि सोलापूर जिल्ह्यापुरते बोलायचे तर त्यासाठी लागणारे ऊस, लिंबू आणि डाळिंब हे तिन्ही जिन्नस याच मातीत पिकतात.

मिश्र पेयांची परंपरा कॉकटेलच्याही आधीची असून तिचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांच्या लिखाणात ‘पंच’ या पेयाचे उल्लेख येऊ लागतात. अरक नावाचे देशी मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसांवरून त्याला हे नाव मिळाले, अशी व्युत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते. स्वतंत्र भारतात मात्र १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यपान ही परवान्याची बाब ठरवली. सोलापूरच्या रस्त्यांवर आजही दिसणारी ‘परमिट रूम’ ही पाटी त्याच कायद्याची खूण आहे. बंदी पुढे सैल झाली, तरी मद्य म्हणजे लपून आणि घाईने उरकायची गोष्ट, ही मनोवृत्ती मागे राहिली. मोजून, थंड करून, चवीचा विचार करून एकच पेला सावकाश घेण्याची कॉकटेलची रीत या घाईच्या नेमकी उलट आहे.

ग्रेनेडीन म्हणजे काय

क्लासिक कॉकटेलच्या कृतींमध्ये वारंवार येणारा एक घटक म्हणजे ‘ग्रेनेडीन’ हा तांबडा, गोड-आंबट पाक. डाळिंबाला फ्रेंच भाषेत ‘ग्रेनाद’ म्हणतात आणि त्यावरूनच हे नाव आले, म्हणजेच मुळात हा डाळिंबाच्या रसाचा पाक आहे. आज बाजारात याच नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक बाटल्यांमध्ये मात्र साखरेचे द्रावण, सायट्रिक आम्ल, कृत्रिम रंग आणि स्वाद एवढेच असते, डाळिंब नावापुरतेही नसते. जुन्या पुस्तकातील कृती तंतोतंत पाळूनही पेय नुसते गोडमिट्ट लागते, याचे कारण अनेकदा या बाटलीत सापडते.

सोलापुरात ही उणीव भरून काढणे फारसे अवघड नाही. कमी पाऊस, कोरडी हवा आणि हलकी, निचऱ्याची जमीन या ज्या गोष्टी इतर पिकांना गैरसोयीच्या ठरतात, त्याच डाळिंबाला मानवतात, म्हणून सांगोल्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्याची ओळख डाळिंबावर उभी राहिली. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापूरजवळ केगाव येथे स्थापन झाले आणि २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित गुणवत्तेची कायदेशीर ओळख, मिळाली. बाजारात सर्वाधिक दिसणारा ‘भगवा’ हा वाण गडद रंगाचा, मऊ बियांचा आणि गोड आहे, तर केगावच्या केंद्राने विकसित केलेल्या वाणांपैकी ‘सोलापूर अनारदाणा’ हा मुद्दाम आंबट राखलेला, दाणे वाळवून मसाल्यासाठी वापरण्याच्या हेतूने तयार झालेला वाण आहे. खाण्यासाठी गोड भगवा उत्तम ठरतो. पाकाला मात्र आंबटपणाची जोड लागते, आणि ती लिंबू पिळून सहज देता येते.

फळाच्या बाह्य रूपालाही येथे महत्त्व उरत नाही. सालीवर उन्हाचे चट्टे किंवा फांदीचे ओरखडे पडले की फळाचा भाव उतरतो, पण आतले दाणे निरोगी असतील तर रसाच्या दृष्टीने ते फळ पहिल्या प्रतीच्या फळाइतकेच चांगले असते. कुजलेले किंवा तडकून आत बुरशी धरलेले फळ मात्र टाकूनच द्यावे.

पाक करण्याची रीत

मध्यम आकाराच्या तीन डाळिंबांतून साधारणपणे पाव लिटर रस निघतो. दाणे सोलताना त्यांच्यामधला पांढरा पापुद्रा काळजीपूर्वक काढावा लागतो, कारण साल आणि पापुद्रा यांत टॅनिन नावाची तुरट द्रव्ये भरपूर असतात. पाण्याने भरलेल्या पातेल्यात हाताने दाणे मोकळे केले तर पापुद्रा तरंगतो, दाणे तळाशी बसतात आणि कपड्यांवर डागही पडत नाहीत. हे दाणे निथळून मिक्सरमध्ये दोन-तीन झटकेच फिरवावेत, कारण बिया भरडल्या गेल्या तर रसात कडवटपणा उतरतो. त्यानंतर रस स्वच्छ मलमलीच्या कापडातून गाळून घ्यावा.

पाव लिटर रसाला २५० ग्रॅम साखर हे प्रमाण धरून दोन्ही स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवावे आणि साखर विरघळताच आच बंद करावी. लोखंडी भांडे वापरू नये, कारण टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन रस काळवंडतो. लाडवांसाठी करतात तसा एकतारी पाक येथे अपेक्षित नाही. फार उकळल्यास डाळिंबाला लाल रंग देणारी अँथोसायनिन ही रंगद्रव्ये उष्णतेने नष्ट होऊ लागतात, रंग तपकिरी होतो आणि ताज्या फळाच्या चवीची जागा मुरंब्यासारखी चव घेते. पाक कोमट झाल्यावर त्यात एका लिंबाचा रस आणि गुलाबपाण्याचे चार-पाच थेंब घालून तो उकळत्या पाण्याने धुऊन वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरला, तर फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे चांगला राहतो.

आंबट-गोडाचे सूत्र

हा पाक हाताशी असला की ‘सावर’ या पेयकुळाचे दार उघडते. ‘सावर’ म्हणजे आंबट. मद्य, लिंबाचा रस आणि गोड पाक या तिघांचे हे कूळ असून रमचे डायकिरी आणि टकीलाचे मार्गारिटा ही प्रसिद्ध पेये त्याचीच अपत्ये आहेत. क्युबामधील डायकिरी या खाणवस्तीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेयात पांढरी रम, लिंबू आणि साखर असते. त्यातील साखरेच्या जागी ग्रेनेडीन घातले की त्याचे ‘बकार्डी कॉकटेल’ होते. या नावावरून अमेरिकेत खटलाही झाला आणि या नावाने विकल्या जाणाऱ्या पेयात बकार्डी कंपनीचीच रम असली पाहिजे, असा निर्णय न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९३६ मध्ये दिला. घरी कोणतीही चांगली पांढरी रम चालते. मग त्या पेयाला गुलाबी डायकिरी म्हणावे, एवढाच फरक.

सोलापूरच्या दृष्टीने हा पेला विशेष लक्षणीय आहे. रम उसाच्या मळीपासून, म्हणजे साखर तयार झाल्यावर कारखान्यात उरणाऱ्या काळ्या, दाट द्रवापासून, आंबवून आणि ऊर्ध्वपातन करून काढतात, आणि उजनी धरणाच्या पाण्याने बहरलेल्या या जिल्ह्याची साखर कारखानदारी राज्यात अग्रगण्य आहे. लिंबूही परके नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेला कागदी लिंबाचा एक वाण तर ‘साई शरबती’ याच नावाने ओळखला जातो. तीन पिकांची गाठ एका पेल्यात पडावी, असे उदाहरण विरळाच.

एका पेल्यासाठी ४५ मिलिलिटर पांढरी रम, २० मिलिलिटर ताजा लिंबूरस आणि १५ मिलिलिटर डाळिंबाचा पाक पुरेसा होतो. लिंबाचा आंबटपणा ऋतूप्रमाणे कमी-अधिक होत असल्याने पहिल्यांदा हे प्रमाण काटेकोर मोजावे आणि चव पाहून पुढच्या वेळी पाच मिलिलिटरचा फेर करावा. मोजण्यासाठी खास माप नसल्यास औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारी खुणांची टोपी उपयोगी पडते, शेकरऐवजी घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते आणि गाळण्यासाठी चहाची गाळणी पुरते.

बर्फाचे शास्त्र

नवशिक्याच्या हातून सर्वाधिक चुका बर्फाच्या बाबतीत होतात. पेय पाणचट होईल या भीतीने थोडा बर्फ घातला जातो आणि नेमके त्यामुळेच पेय पाणचट होते, कारण मोजके खडे झपाट्याने वितळतात आणि पेय पुरेसे थंडही होत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. म्हणजे थंड होणे आणि पाणी मिसळणे या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत आणि कॉकटेलच्या मूळ व्याख्येतले पाणी आजच्या पेल्यात या मार्गानेच येते. बरणी दोन-तृतीयांश बर्फाने भरून, झाकण लावून दहा ते पंधरा सेकंद जोरात हलवली की वर सांगितलेल्या ८० मिलिलिटर मिश्रणाचे साधारण १०० मिलिलिटर होते आणि मद्यामुळे गोठणबिंदू खाली गेल्याने ते शून्य अंशाच्याही खाली उतरते.

ज्या पेयात फळाचा रस असतो ते हलवून करावे आणि ज्यात केवळ मद्ये असतात ते ढवळून करावे, असा संकेत आहे. जिन आणि वनस्पतींनी सुगंधित केलेली व्हर्मूथ ही वाइन यांचे मार्टिनी ढवळल्याने नितळ राहते. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याचा बर्फ चव बिघडवतो, म्हणून तो गाळलेल्या पाण्याचाच असावा. मासळी किंवा माल थंड ठेवण्यासाठी विकला जाणारा, खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम असून तो पेयात कदापि वापरू नये.

याच पाकावर आणखी काही जुनी पेये उभी आहेत. सफरचंदाच्या ब्रँडीबरोबर लिंबू आणि ग्रेनेडीन मिसळले की ‘जॅक रोज’ होते. संत्र्याचा रस आणि टकीला यांच्या पेल्यात कडेने सोडलेला पाक जड असल्याने तळाशी बसतो आणि सूर्योदयासारखे रंग चढत जातात, त्या पेयाचे नाव ‘टकीला सनराइज’. ही टकीला ज्या निळ्या अगेव्हपासून बनते, ती वनस्पती दख्खनच्या बांधांवर दिसणाऱ्या घायपाताची सख्खी बहीण आहे. मद्य न घेणाऱ्यांसाठीही सोय जुनीच आहे. बालकलाकार शर्ली टेम्पल हिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेयात आल्याचे सोडायुक्त पेय आणि ग्रेनेडीन एवढेच असते. घरी आल्याचा थोडा रस, लिंबू, डाळिंबाचा पाक, चिमूटभर मीठ आणि थंड सोडा एकत्र केल्यास एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हाळ्यात सर्व वयांच्या मंडळींना देता येईल असे पेय तयार होते. त्यासोबत कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी असली तर आंबट-गोडाला तिखट-खाऱ्याची जोड मिळते.

मोजमापाचा दुसरा अर्थ

पाकाचा गोडवा मद्याची तीव्रता लपवतो, हा या पेयांचा गुण आणि तोच त्यांचा धोका. भारतात रमची तीव्रता बहुधा ४२.८ टक्के असते. त्या हिशेबाने ४५ मिलिलिटर रममध्ये सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते आणि तयार पेल्याची तीव्रता १९ टक्क्यांच्या घरात, म्हणजे नेहमीच्या वाइनपेक्षा अधिक राहते. सरबतासारखे लागणारे हे पेय सरबताच्या वेगाने पिणे म्हणूनच चुकीचे आहे. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी २१ आणि इतर मद्यांसाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा असून परवाना आवश्यक आहे, तर वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळणे हा गुन्हा आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. गर्भवती महिला, यकृताचे रुग्ण आणि नियमित औषधे घेणारे यांनी मद्यविरहित पेल्यावरच थांबणे श्रेयस्कर.

कॉकटेलची कला अखेर मोजण्याची कला आहे, आणि मोजणाऱ्याला कोठे थांबायचे तेही कळावे लागते. पेल्यात मद्य घालायचे की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. डाळिंबाचा पाक मात्र दोन्ही पेल्यांना सारखाच उपयोगी आहे आणि तो करायला तीन डागाळलेली डाळिंबे, पाव किलो साखर, एक लिंबू आणि अर्धा तास एवढेच लागते. डाळिंबाच्या जिल्ह्यात राहून रंगवलेल्या साखरपाण्याची बाटली विकत आणण्याचे काही कारण नाही.