टेलाचं रान

राळेगणसिद्धीत पाण्याचा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. पारनेर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावाने नाल्यांना बांध घातले, पाणी जिरवलं आणि उसासारख्या जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना शिवाराबाहेर ठेवलं. कालव्याच्या गावांना तर आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक असते: पाणी कमी सुटलं की आधी वाळतं ते टेलाचं, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचं रान. शरीरातही असं एक टेलाचं रान आहे, स्वादुपिंड.

मुलांच्या पाठीच्या एका मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हे रान कधीकधी वाळतं. काही मुलांचा कणा बाजूला वाकतो, त्याला स्कोलिओसिस म्हणतात. मुलाला ओणवं केलं की पाठ एका बाजूने फुगलेली दिसते. बाक साधारण ४५ ते ५० अंशांपुढे गेला, की मणक्यांत स्क्रू आणि सळ्या बसवून कणा सरळ करतात. काम कित्येक तासांचं. ३० किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असतं जेमतेम सव्वादोन लिटर. त्यातलं अर्धा लिटर गेलं तरी जवळपास पाव हिस्सा संपला. शिवाय रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून भूलतज्ज्ञ कधीकधी रक्तदाब मुद्दाम उतरवतात. रक्ताची ओढ बसली की शरीर मेंदू आणि हृदयाची पाळी चुकवत नाही. चुकते ती आतड्यांची आणि स्वादुपिंडाची.

स्वादुपिंडात तयार होणारे पाचकरस तिथे निद्रिस्त असतात; लहान आतड्यात पोचल्यावरच जागे होतात. रक्तपुरवठा कमी पडला की ते जागच्या जागी जागे होऊन स्वादुपिंडालाच पचवू लागतात. हाच स्वादुपिंडदाह. या शस्त्रक्रियेनंतर तो का होतो, याचं हे सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण आहे.

ओळखणं मात्र अवघड. ऑपरेशन पाठीचं, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष पाठीकडे. पोट फुगणं, मळमळ, उलटी हे सगळं भुलीनंतर आणि मॉर्फिनसारख्या औषधांनी तसंही होतं. तीच औषधं पोटदुखीही झाकतात. कणा ताणला गेल्यावर लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग दोन रक्तवाहिन्यांच्या बेचक्यात चेमटला, तरी उलट्याच होतात. हा प्रकार हडकुळ्या मुलांत अधिक. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना स्वादुपिंडदाहाचा धोका जास्त, आणि नेमकं त्यांतल्या अनेकांना कुठे दुखतंय ते सांगता येत नाही. ‘आज हा वेगळाच कण्हतोय’ हे आईचं वाक्य तिथे तपासणीइतकंच मोलाचं.

शंका आली तर लायपेज या स्वादुपिंडाच्या पाचकद्रव्याचं रक्तातलं प्रमाण बघतात. ते सामान्य मर्यादेच्या तिप्पट वा अधिक निघालं आणि जोडीला पोटदुखी असली, तर निदान पक्कं. बहुतेक मुलं शिरेतून सलाइन आणि वेदनाशामकांवर बरी होतात. पूर्वी पोट पूर्ण रिकामं ठेवत. आता उलट्या थांबल्या की लवकरच तोंडाने किंवा नळीने थोडंथोडं अन्न सुरू करतात.