दुखतं कुठे आणि कारण कुठे?

दाभोसा हे जव्हारपासून वीसेक किलोमीटरवरचं गाव. लेंडी नदीचा सुमारे ३०० फुटांचा धबधबा इथे कातळावरून खाली कोसळतो. या भागातले रस्ते चढउताराचे. पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की जव्हार-मोखाड्यातल्या अशा रस्त्यांवर पहाटे पोरंपोरी धावू लागतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांना १०० मीटर धावायचं असतं, शिवाय गोळाफेक. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवलं. डोंगरातल्या मुलांना ते नाव चांगलंच ठाऊक आहे.

पण दोन-तीन आठवडे झाले, की तक्रारी येऊ लागतात. ‘सर, नडगी ठणकते.’ ‘मॅडम, घाट उतरताना गुडघा दुखतो.’ ‘जोर काढले की बोटांना मुंग्या येतात.’ यावर दोन उत्तरं ठरलेली असतात : ‘सहन कर, सवय होईल’ किंवा ‘बंद कर ते.’ पहिल्या उत्तराने एखाद्याचं हाड मोडू शकतं. दुसऱ्याने एखाद्याची नोकरीची संधी जाऊ शकते. दोन्ही उत्तरं कारण न शोधता दिलेली आहेत. कारण शोधायला शिक्षकाकडे यंत्रं लागत नाहीत. निरीक्षण करायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि नोंद ठेवायची, ही विज्ञानाच्या तासाला शिकवतो तीच रीत इथे पुरते.

आधी चार प्रश्न

कुठे दुखतं? एका बोटाने दाखव. केव्हा दुखतं : सुरुवातीला, धावताना, नंतर, की रात्री झोपेतसुद्धा? दुखणं सुरू होण्याआधीच्या महिनाभरात काय बदललं : अंतर, वेग, रस्ता, बूट, नवा व्यायाम? आणि दुखण्याबरोबर मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा आहे का?

एक गोष्ट इथेच बाजूला काढू. नव्या व्यायामानंतर, विशेषतः उतारावर धावल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या भरून येतात. उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच जोर लावून शरीराला आवरतात, त्यात स्नायूंना बारीक इजा होते. हे दुखणं दोन्ही पायांत सारखं, स्नायूच्या मांसल भागात असतं आणि तीन-चार दिवसांत ओसरतं. त्याची काळजी करू नये. एकाच बाजूला, सांध्यात किंवा हाडावर, दर खेपेला वाढत जाणारं दुखणं मात्र वेगळं.

नडगी : सैनिकांचं जुनं दुखणं

१८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टराने लांब कूच केल्यानंतर सैनिकांची पावलं सुजून दुखतात, अशी नोंद केली. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर १८९७ मध्ये समजलं, की त्या पावलांतली हाडं तडकलेली होती. कुठे पडझड नाही, मार नाही, तरी हाड तडकलं कसं?

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. त्यावर नेहमीपेक्षा जास्त भार आला, की ते स्वतःची डागडुजी करतं. पण कसं? जुनी भिंत पक्की करताना गवंडी आधी सैल दगड काढतो, मग नवे बसवतो. हाडातही काही पेशी आधी जुना भाग पोखरून काढतात आणि दुसऱ्या पेशी मागाहून नवं हाड भरतात. काढणं लवकर होतं, भरणं सावकाश. म्हणून जोरदार सराव सुरू केल्यावर काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा कच्चंच असतं. नेमक्या याच काळात दम वाढलेला असतो, मुलगा अंतर दुप्पट करतो आणि हाड मागे पडतं.

नडगीच्या दुखण्यात एका बोटाची परीक्षा कामाची. आतल्या कडेने चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल, तर बहुधा हाडावरचं आवरण आणि स्नायूंची जोडणी चिडलेली असते. धावणं निम्म्यावर आणून, कठीण डांबरी रस्त्याऐवजी मातीच्या मैदानावर पळून ते हळूहळू शमतं. पण नेमक्या एका ठिकाणी बोट टेकवताच मूल कळवळलं किंवा रात्रीही ठणकत असेल, तर हाड तडकण्याची शंका घ्यावी. धावणं त्याच दिवशी थांबवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये तडा दिसत नाही असं पुष्कळदा होतं, म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर पुन्हा पळायला लावू नये. वेळीच थांबलं तर साधारण सहा ते आठ आठवड्यांत हाड भरून येतं. न थांबल्यास तडा आरपार जाऊ शकतो. पोटभर अन्न न मिळणाऱ्या मुलांत आणि पाळी थांबलेल्या मुलींत हा धोका जास्त, कारण भरायला लागणारा मालच शरीराकडे अपुरा असतो.

गुडघा : दुखतं ते कूर्चा नव्हे

गुडघा दुखला की ‘वाटी झिजली’ असं सर्रास म्हणतात. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि चेताही नसतात. मग दुखतं काय? स्कॉट डाय या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाने याचं उत्तर स्वतःच्याच गुडघ्यात शोधलं. सांध्याच्या आत भूल न देता त्याने दुर्बिणीतून गुडघ्याचा एकेक भाग टोचून घेतला आणि काय जाणवलं ते सांगितलं. हे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. वाटीची कूर्चा टोचल्यावर दुखलं नाही. वाटीखालची चरबीची गादी आणि सांध्याचं आतलं अस्तर मात्र विलक्षण हळवं निघालं. म्हणजे तरुण मुलाचा गुडघा दुखणं म्हणजे तो झिजलाच, असं नाही. बहुतेकदा भार पेलण्याच्या ताकदीपेक्षा भार जास्त झालेला असतो.

हा भार कमी कसा करायचा? धावताना प्रत्येक पाऊल जमिनीवर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने पडतं. पाऊल शरीराच्या फार पुढे टाकलं, की गुडघ्यावरचा ताण वाढतो. उपाय सोपा आहे. मुलाला नेहमीच्या वेगाने पळवा आणि ३० सेकंदांत उजवं पाऊल किती वेळा पडतं ते मोजा. समजा ४० वेळा पडलं, तर मिनिटाला १६० पावलं झाली. आता वेग तोच ठेवून ४२ ते ४४ पडतील असं पळायला सांगा. मैदानाच्या कडेला मित्राने टाळ्यांचा ठेका धरला तर जमतं. पावलं आपोआप लहान होतात आणि गुडघ्यावरचा भार घटतो.

दुसरी परीक्षा : मुलाला एका पायावर उभं करून अर्धी बैठक मारायला सांगा. गुडघा आतल्या बाजूला कोसळतो का? कोसळत असेल तर कुल्ह्याचे स्नायू कमजोर असण्याची शक्यता आहे. दुखतं गुडघ्यात, पण ताकद वाढवायची कुल्ह्याची. पायरीवर सावकाश चढणं-उतरणं आणि गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून अर्ध्या बैठका, दिवसाआड. घाटरस्त्यावर काही आठवडे चढ पळत चढावा आणि उतार चालत उतरावा.

पूर्ण विश्रांती का नको? कूर्चेला रक्त मिळत नाही. दाबल्यावर आणि सोडल्यावर ती स्पंजासारखी सांध्यातलं द्रव आत-बाहेर करते आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. म्हणून माफक हालचाल हवीच. व्यवहारातलं माप असं : दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते पूर्वपदावर आलं पाहिजे. नाही आलं, तर काल जास्त झालं.

मुंग्या : चेतांचा पत्ता

बोलीत ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनीलाही वापरतात आणि चेतेलाही. पण दोन्ही वेगळ्या. चेता पाहायची नाही, तर जाणवून घ्यायची. वर्गात हा प्रयोग करा. बाकाच्या कडेवर बसा, हात पाठीमागे घ्या, पाठ गोल करा आणि हनुवटी छातीला लावा. आता एक पाय गुडघ्यात सरळ करा आणि पाऊल स्वतःकडे ओढा. मांडीच्या मागे ताण जाणवेल. बाकी काही न हलवता फक्त मान वर करा. ताण कमी झाला ना? मांडीमागचे स्नायू मानेला जोडलेले नाहीत. मग मान हलवल्यावर मांडीत फरक का पडला? मेंदूपासून पाठीच्या कण्यातून पावलापर्यंत गेलेली चेतासंस्था एकसंध आहे म्हणून. हालचालीबरोबर चेतांना आपापल्या वाटेने सरकावं लागतं. वाट कुठे अरुंद झाली की त्या ओढल्या किंवा दाबल्या जातात, त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही दबतात आणि मुंग्या येतात.

कुठल्या बोटांना मुंग्या येतात यावरून चेता ओळखता येते. कोपर काहीतरी लागून झिणझिणतं तेव्हा झिणझिण्या करंगळीकडे जातात, हे सर्वांनी अनुभवलं आहे. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी ती चेता करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाची. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग मनगटाच्या मधून जाणाऱ्या चेतेचा.

आता तक्रार वाचा. जोर काढताना अंगठ्याकडच्या बोटांना मुंग्या येतात : तळवा जमिनीवर टेकून मनगट काटकोनात मागे वाकतं आणि मधली वाट दबते. मऊ घडीवर मुठी टेकवून, मनगट सरळ ठेवून जोर काढा. गोळाफेकीनंतर करंगळीला मुंग्या येतात : मुलाचा हात बघा. गोळा मानेजवळून ढकलायचा असतो. ७.२६ किलोचा गोळा दगडासारखा भिरकावला, की कोपराची आतली बाजू ताणली जाते. कोपर वर ठेवून ढकलायला शिकवा आणि काही दिवस हलका गोळा द्या. जोर काढताना खांदा दुखतो : कोपरं काटकोनात बाहेर फाकतात का ते पाहा आणि ती थोडी अंगाजवळ आणायला सांगा.

पायातही असंच होतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या हाडाच्या गाठीवरून एक चेता अगदी कातडीखालून जाते. खुरपणी-कापणीत तासन्‌तास उकिडवं बसल्यावर ती दबते. मुंग्या उठल्यावर गेल्या तर ठीक, पण पाऊल वर उचलता येईनासं झालं तर लगेच डॉक्टरांकडे न्यावं. इजा झालेली चेता पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणून वेळ दवडू नये.

दोन समजुती

धावण्याआधी स्नायू ताणले की दुखापत टळते, असं आपण सांगत आलो. ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या १,५३८ नवशिक्या जवानांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. निम्मे जवान स्नायू ताणून सरावाला जात, निम्मे न ताणता. दुखापतींत फरक पडला नाही. ज्यांचा मुळातला दम कमी होता, त्यांना मात्र दुखापती जास्त झाल्या. ‘आठवड्याला दहा टक्केच वाढवा’ हा नियमही नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्या धावकांवर तपासला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, तसा वाढवलेला सराव आणि नेहमीचा सराव यांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. यातून घ्यायचं ते एवढंच, की आकडा पाठ करून भागत नाही. मुलाच्या दुसऱ्या सकाळच्या उत्तराकडे लक्ष द्यावं लागतं. आणि तयारी जाहिरातीनंतर नव्हे, बरीच आधी सुरू व्हावी लागते.

हे दुखणं व्यायामाचं नाही

आपल्या आदिवासी भागात एक शक्यता विसरून चालणार नाही : सिकलसेल. या आनुवंशिक आजारात प्राणवायू किंवा पाणी कमी पडलं, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे भयंकर दुखतात. श्रम, उन्हात तहानलेलं राहणं, थंड पाण्यात भिजणं यांनी हे दुखणं उफाळतं. अशा मुलाला ‘सहन कर’ म्हणणं घातक ठरू शकतं. दोन्हीकडून दोष आलेला रुग्ण आणि एकाच बाजूने दोष आलेला वाहक यांत फरक आहे. वाहक बहुधा ठणठणीत असतो आणि खेळू शकतो, पण कडक उन्हात अतिश्रम त्यानेही टाळावेत आणि पाणी भरपूर प्यावं. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. रक्ताची तपासणी साधी आहे. सरावाला उतरणाऱ्या प्रत्येक मुलाची ती आधीच करून घ्यावी.

पुढील गोष्टी दिसल्या तर घरगुती उपाय न करता जव्हारच्या किंवा मोखाड्याच्या सरकारी रुग्णालयात पाठवावं : सांधा सुजून गरम होणं, ताप, वजन घटणं, रात्री जाग आणणारं दुखणं, हातापायातली ताकद कमी होणं. पाठदुखीबरोबर जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी.

बाकीच्यांसाठी एक वही पुरे. चार रकाने आखा : आज काय केलं, दुखणं किती, दुसऱ्या सकाळी किती, काय बदललं. एका आठवड्यात एकच बदल. पावलं लहान केली, बूटही बदलले आणि रस्ताही बदलला, तर गुण कशाने आला ते कळणार नाही. वही मुलांनीच लिहावी. भरतीचं मैदान येईल-जाईल, पण आपल्या शरीराला प्रश्न कसा विचारायचा ते त्यांना कायमचं येईल.