स्कॉटिश धून, संस्कृत गीत आणि तंजावरचा मराठी दरबार
लोकसंगीताच्या संयुक्त अल्बमची भारतीय पूर्वपीठिका

बंगळूरू : स्कॉटलंड आणि अमेरिका येथील गीतकार-गायकांनी एकत्र येऊन लोकगीतांचे अल्बम काढणे आता नवे राहिलेले नाही. बीबीसीवरून १९९५ पासून प्रसारित झालेल्या ‘ट्रान्सअटलांटिक सेशन्स’ या मालिकेत शेटलंडचे व्हायोलिनवादक अ‍ॅली बेन यांच्या बरोबरीने अमेरिकी कलावंत बसले. पुढील पर्वांत डोब्रोवादक जेरी डग्लस हे तिचे सहसूत्रधार झाले. अशा ध्वनिमुद्रणांना सरसकट ‘फ्यूजन’ म्हटले जाते. मात्र हा शब्द येथे तितकासा लागू पडत नाही, कारण या दोन परंपरा मुळात फार दूरच्या नाहीत.

अठराव्या शतकात स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या स्थलांतरितांनी आपली कथागीते अ‍ॅपलेशियन पर्वतराजीत नेली. ‘बार्बरा अ‍ॅलन’ या गीताचा उल्लेख लंडनच्या सॅम्युअल पेपिस यांच्या रोजनिशीत १६६६ मध्ये ‘स्कॉच गाणे’ म्हणून येतो. तेच गीत अडीच शतकांनंतर अमेरिकेच्या डोंगरी खेड्यांत गायले जात होते. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात अशा ३०५ कथागीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, म्हणजे १८९१ मध्ये, मुंबई इलाख्यात एच. ए. अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह निघाला, हा योगायोग मराठी वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. इंग्लंडचे सेसिल शार्प १९१६ ते १९१८ दरम्यान अ‍ॅपलेशियात गीते टिपत हिंडले, तर १९५१ मध्ये अमेरिकी संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स उलट दिशेने स्कॉटलंडमध्ये ध्वनिमुद्रण करीत होते. आजच्या संयुक्त अल्बमांना या ये-जा करण्याचा आधार आहे.

भारतीय सहभागाचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे स्कॉटिश गीतकार-गायक जेम्स यॉर्कस्टन, डबल बासवादक जॉन थॉर्न आणि दिल्लीचे सारंगीवादक सुहेल युसूफ खान यांचा २०१६ मधील ‘एव्हरीथिंग सेक्रेड’ हा अल्बम. परंतु भारतीय स्वरांची आणि स्कॉटिश धुनींची ओळख त्याहून दोनशे वर्षे जुनी आहे, आणि त्या ओळखीत एका मराठी राजघराण्याचा भाग आहे.

ते घराणे बंगळूरूहून तंजावरला गेले. शहाजीराजांची जहागीर बंगळूरूला होती. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरची गादी मिळविली. बंगळूरूचे शिवाजीनगर आज शहाजीराजांच्या दुसऱ्या पुत्राचे नाव मिरविते. पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखली जाणारी ही वस्ती १८०९ मध्ये उभारण्यास आरंभ झालेल्या इंग्रजी छावणीच्या परिसरातली. ही छावणी १९४७ मध्ये म्हैसूर संस्थानाकडे परत आली. दक्षिणेत पाश्चात्त्य धुनी पसरल्या त्या मुख्यतः अशा छावण्यांतून आणि किल्ल्यांतून, पलटणींच्या बँडमार्फत.

मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातला असाच बँड मुत्तुस्वामी दीक्षितर (निधन १८३५) यांच्या कानी पडला. तंजावर राज्यातील तिरुवारूरचे हे वाग्गेयकार मणलीच्या मुदलियारांच्या आश्रयाला असताना किल्ल्यात जात, अशी परंपरा सांगते. त्या धुनींवर त्यांनी संस्कृत पदे बांधली. ती ‘नोट्टुस्वर’ म्हणून ओळखली जातात आणि त्यांची संख्या चाळिसाच्या आसपास आहे. ‘संततं पाहि माम्’ ब्रिटिश राष्ट्रगीताच्या चालीवर आहे, तर ‘जगदीश गुरुगुह’ हे ‘लॉर्ड मॅकडोनाल्ड्स रील’ या स्कॉटिश नृत्यधुनीवर.

हे जुळले कसे, याचे उत्तर स्वरांत आहे. पाश्चात्त्य ‘मेजर’ सप्तकाचे स्वर कर्नाटक पद्धतीतील शंकराभरणाशी, म्हणजे आपल्या बिलावलाशी, मिळतात. दीक्षितरांनी येथे गमके जवळजवळ वर्ज्य केली आणि स्वर सरळ ठेवले. स्कॉटिश धुनींपैकी बऱ्याच पाचच स्वरांच्या आहेत; ‘ऑल्ड लँग साइन’चे स्वर भूपाचे आहेत, आणि रवींद्रनाथांनी त्या चालीवर बंगाली गीत रचले. बॅगपाइपमधला अखंड आधारस्वरही तंबोऱ्याला परका वाटत नाही. अडचण येते ती हार्मनीशी, कारण एकाच वेळी अनेक स्वर वाजू लागले की रागाची वाट पुसट होते. संयुक्त अल्बमांचे खरे कौशल्य तेथेच कसाला लागते.

इकडे तंजावरात दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला. राज्यकारभार इंग्रजांकडे गेल्यावर या राजाने ग्रंथ आणि संगीत यांत मन घातले. नृत्यासाठी त्यांनी केलेल्या मराठी रचना ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केल्या आहेत. महाराष्ट्रात त्या अजूनही फारशा ऐकू येत नाहीत, ही खेदाची बाब.

संयुक्त अल्बमांबाबतचा आजचा कळीचा प्रश्न मात्र श्रेयाचा आहे. वेष्टनावर ‘पारंपरिक’ असे छापले की मूळ गीताचे मानधन कोणालाच द्यावे लागत नाही. नव्या वाद्यरचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र निर्माण होतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणास प्रकाशनानंतर ६० वर्षे, तर कलावंताच्या सादरीकरणास ५० वर्षे संरक्षण आहे. लोकसमूहाच्या सामूहिक मालकीची स्वतंत्र तरतूद त्यात नाही. म्हणूनच हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी जमविलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव नोंदलेले असणे महत्त्वाचे ठरते. उद्या यातली एखादी ओवी परदेशी गिटारवर आली, तर वेष्टनावर लिहिण्यासाठी नाव उपलब्ध असेल.

नोट्टुस्वरांच्या बाबतीत पद रचणाऱ्याचे नाव राहिले, बँडमधल्या वादकांचे राहिले नाही. ही पदे आज दक्षिणेत मुलांना संगीताच्या आरंभीच्या धड्यांत शिकविली जातात. त्याच ओढीतून म्हैसूर दरबाराचे विद्वान हरिकेशनल्लूर मुत्तय्या भागवतर यांनी ‘इंग्लिश नोट’ रचला आणि मदुरै मणि अय्यर यांनी तो मैफलींत लोकप्रिय केला. मैफलीच्या अखेरीस श्रोते त्याची फर्माईश करीत.