माहीममध्ये चालायच्या आणि सायकलच्या वाटा जोडायच्या कशा?

माहीम स्टेशन, मखदूम शाह बाबांचा दर्गा, चौपाटी, किल्ला. सगळे पायी जाण्याच्या अंतरावर. तरी घरातल्या बुजुर्गांना किंवा लहान मुलाला एकटे पाठवायचे म्हटले की जीव खालीवर होतो. फूटपाथ मध्येच संपतो, पुढे दुचाक्या आडव्या, आणि रस्ता ओलांडताना धावपळ.

वाटांचे जाळे म्हणजे घर, शाळा, मशीद, बाजार आणि स्टेशन कुठेही न तुटता जोडणे. नऊ ठिकाणी फूटपाथ चांगला असला आणि दहाव्या ठिकाणी तुटला, तर व्हीलचेअरवरच्या माणसासाठी सगळी वाटच बंद.

शेजारच्या बीकेसीत २०११ मध्ये सायकल ट्रॅक बांधला होता. पण त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, सायकली फारशा आल्या नाहीत. २०२५ मध्ये तो काढून रस्ता रुंद करायचे ठरले. नुसता ट्रॅक बांधून भागत नाही. तो लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याला जोडलेला हवा आणि मोकळाही राहायला हवा.

आपण मागतोय ती मेहरबानी नाही. चालण्याजोगे फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे, असे सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये सांगितले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर जागा मोकळी हवी.

मोहल्ल्याने काय करावे?

पहिले, नकाशा. शाळा सुटताना, जुम्याला, जुमेरातच्या संध्याकाळी आणि डिसेंबरच्या मेळ्यात चालून बघा. वाट कुठे तुटते तिथे खूण करा, टेपने रुंदी मोजा, फोटो काढा. या कामात बायका आणि शाळकरी मुले हवीतच. अडचण त्यांनाच जास्त ठाऊक असते.

दुसरे, फेरीवाल्यांशी भांडण नको. २०१४ च्या कायद्यात त्यांची पाहणी करून जागा ठरवून देण्याची सोय आहे. चर्चेत त्यांनाही बसवा.

तिसरे, मागणी छोटी ठेवा. आधी एकच वाट घ्या: स्टेशन ते दर्गा ते चौपाटी. मग शीतलादेवी मेट्रो स्टेशन जोडा. आतल्या गल्ल्यांत गाड्यांचा वेग कमी झाला तर सायकलला वेगळा ट्रॅकही लागणार नाही. नकाशा आणि मोजमाप जोडून अर्ज महापालिकेच्या जी उत्तर विभाग कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

रस्त्यातली त्रासाची वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच भाग, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग येत्या जुम्यापासून मशिदीबाहेरच्या फूटपाथवर आपली बाइक लावायची नाही, एवढे तर अर्जाशिवायही जमेल.